बोटभर जागा

ज्यांचं काही साधलं नाही अशा माणसांवर सरांचा फार जीव होता. वर्गात पहिला आलेला पोरगा पाया पडायला आला तर त्याला ते उभ्या उभ्याच वाटेला लावत, आणि दोनदा बसूनही नापास झालेला कुणी दिसला की त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन कट वडा खाऊ घालत. “त्याला माझी काय गरज? ह्याला हाय,” म्हणत. अशानं कॉलेजातली हुशार पोरं त्यांच्यावर नाराज आणि ढ पोरं त्यांच्यासाठी जीव टाकणारी, असा उलटाच मामला होता.

मी गारगोटीची. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, तेव्हा सर तिथले सगळ्यांत जुने प्राध्यापक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. “हे खिडकीजवळचं कपाट उघडायचं न्हाय. आणि पोरांच्या वहीतला जुळवलेला आकडा सोडायचा न्हाय.” जुळवलेला आकडा ते कसा ओळखत, देव जाणे. वह्यांचा ढीग पुढ्यात घ्यायचे, एकेक उघडायचे, एखाद्या ओळीवर बोटानं टकटक करायचे आणि म्हणायचे, “ह्यानं ब्युरेट हातात धरलेलंच न्हाय. घरात बसून लिवलंय.” पोरगं बोलावलं की उभ्या उभ्या कबूल व्हायचं. चुकीचा आकडा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या पाठीवर मात्र थाप. मला वाटायचं, हा माणूस आधी पोलिसात असणार.

कपाटाबद्दल मला वाटलं होतं की आत काही जहाल विष असेल. तसलं काही नव्हतं. लाल कापडात बांधलेलं एक बाड होतं. बाड म्हणजे जाड देशी कागदाची, मध्ये शिवलेली, हातानं लिहिलेली जुनी वही. हे बाड अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचं, मोडी लिपीतलं, आणि त्यातला विषय किमया. पाऱ्याचं सोनं कसं करावं, आणि तोच पारा मारून त्याचं भस्म माणसाला दिलं तर दुखणं कसं जातं, एवढंच त्यात पानापानावर होतं.

ते मिळालं कसं, ही गोष्ट काकूंच्या तोंडून ऐकावी. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. गडहिंग्लजकडच्या, त्यामुळे बोलण्यात कानडी घुसायची, आणि मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असूनही मला त्या अक्का म्हणायच्या. माहेरी लग्न होतं म्हणून दोघं गडहिंग्लजला गेली. शेजारच्या सोनारांनी माळा साफ करायला काढला होता, आणि माळ्यावरचा कागदांचा ढीग आंघोळीच्या बंबापाशी जळण म्हणून पडला होता. “हितं अक्षता पडाय लागल्यात, भावजी हाका मारून ऱ्हायलेत, आणि ह्यो बाबा बंबाजवळ उकिडवा बसून वाचालाय,” काकू सांगायच्या. “कपडं सगळं राखेनं भरल्यालं. परत येताना यष्टीत कपड्यांची बॅग इसरली, माझा शालू होता त्यात. ह्ये मात्र मांडीवर.” मग त्या बाडाकडे बोट दाखवून म्हणायच्या, “माझ्या माहेरनं माझ्याच नवऱ्यानं सवत आणली, अक्का.”

त्या सवतीला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचे आणि खिडकीतल्या उन्हात धरून पार कोरडे करायचे, असा नियम होता. प्रॅक्टिकल नसलेल्या दुपारी सर मला मोडी शिकवत. मला ती लिपी म्हणजे जिलेबीचा घाणा वाटायची, पण वर्षभरात अडखळत वाचायला लागले. कृती सगळ्या एकाच तऱ्हेच्या. घ्यावा पारा, घ्यावा गंधक, अमुक पाल्याच्या रसात सात दिवस खलावा, मातीच्या मुशीत घालून वर कापड आणि चिखल लिंपावा, इतक्या गोवऱ्यांचा अग्नी द्यावा. असं अगदी हाताला धरून न्यायचं आणि ऐन मोक्याला लिहायचं, ‘पुढील खूण गुरुमुखें जाणावी.’ मी चिडले. म्हटलं, “सर, हा तर लबाड माणूस आहे. मुद्द्याचं सांगतच नाही.”

“लबाड न्हाय, पोरी. त्यालाबी म्हाईत न्हवतं,” सर म्हणाले. “त्ये कशाला बघतीस? हिकडं बघ.” आणि त्यांनी पानाच्या समासावर बोट ठेवलं.

समासात वेगवेगळ्या हातांची, वेगवेगळ्या शाईची बारीक अक्षरं होती. बाड ज्या ज्या घरात गेलं, तिथल्या माणसानं कृती करून बघितली आणि बाजूला लिहून ठेवलं. ‘केलें. साधलें नाहीं.’ त्याच्या खाली दुसऱ्या हातानं, ‘केलें. मूस फुटली.’ त्याखाली आणखी कुणी, ‘केलें. साधलें ऐसें वाटलें. सकाळीं पाहतां नाहीं.’ एकाचं तर वाचवत नव्हतं, ‘केलें. डोळे गेले. मुलाकडून लिहविलें असे.’ असे सात हात होते. आणि सातही जणांनी एक गोष्ट न चुकता केली होती. आपलं लिहून झालं की खाली एक बोट ठेवून, तेवढी जागा कोरी सोडून, तिथे शाईचा एक ठिपका दिला होता. पुढच्यानं तिथून लिहायचं.

विलायतेतही त्याच काळात हेच चाललं होतं, असं सर सांगत. तिकडच्या जुन्या किमयेच्या पुस्तकांची पानं ते इंटरनेटवरून काढून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचे. त्यात हिरवा सिंह सूर्याला गिळतोय, राजा-राणी एका हौदात अंघोळ करताहेत, अशी चित्रं. एकदा काकूंनी ते अंघोळीचं चित्र चष्मा लावून नीट पाहिलं आणि मला विचारलं, “पेन्शनीत निघायच्या वयाला ही असली पुस्तकं वाचत्यात व्हय गं प्रोफेसर लोक?” सर लाजून लाल. “अगं, त्यो राजा म्हंजे गंधक, राणी म्हंजे पारा,” म्हणू लागले. “असंल की,” काकू म्हणाल्या, “पण कापडं घातली असती तर गंधक इटला असता व्हय?”

लोकांना यातलं एवढंच कळायचं की सरांकडे सोन्याची पोथी आहे. महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी गाडी लावून दबकत प्रयोगशाळेत यायचा. एकदा गळ्यात सोन्याचा गोफ घातलेला एक गडी आला आणि म्हणाला, “सर, दोघांत ठेवू. तुमी सांगा, मी करतो.” सरांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, “सोनं पायजे तर गुजरीत सोनाराकडं जावा, पावणं. हितं फकस्त न झाल्यालं सोनं मिळतंय.” तो गडी कप अर्धा टाकून उठला. जाताना मला म्हणाला, “येडंय वाटतं.”

मी एकदा सरळ विचारलं होतं. म्हटलं, “सर, आता शेंबड्या पोरालाही कळतं की पाऱ्याचं सोनं होत नाही. मग तुम्ही आणि ते विलायतेतले लोक हे अजून का वाचता?” सरांनी बाड मिटून लाल कापडात बांधलं. मग म्हणाले, “सोन्याच्या लोभानं वाचत असती, तर पैल्या ‘साधलें नाहीं’लाच लोकांनी ह्ये बंबात घातलं असतं. तसं झालं न्हाय. पैल्यानं हरलो म्हणून लिवलंय, तरी दुसऱ्यानं केलं. त्यानंबी खरं लिवलं. जगात जिंकल्याली माणसं लिवतात, पोरी. हरल्यालं आपल्या हातानं लिवून, वर पुढच्याला जागा सोडणारी माणसं मला दुसरीकडं कुठं भेटली न्हाईत.” आणि लगेच मास्तरी आवाजात, “ह्यात खोटं लिवायचं न्हाय, ही एकच अट हाय.”

स्वतः मात्र त्यांनी कधी काही करून बघितलं नव्हतं. “मी वाचणारा. करणारा न्हवं,” असं ते अभिमानानं सांगत. ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं शाल-नारळ दिला, चार जणांनी लांबलचक भाषणं केली, आणि शेवटी सरांना बोलायला सांगितलं. सर माईकपाशी गेले, नारळ काखेत धरला, म्हणाले, “केलें. साधलें नाहीं,” आणि येऊन खुर्चीवर बसले. सभागृहाला काही कळेना. मागच्या रांगेतली नापास पोरं तेवढी शिट्ट्या मारत होती. मी आणि काकू पोट धरून हसलो.

निवृत्तीनंतर बाड त्यांच्या कळंब्याच्या घरी गेलं. दोनच वर्षांत काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, मग तेही सोसेना. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत, घरी ठेवा, काय खावंसं वाटतं ते द्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी रविवारी जायचे, भाकरी करून ठेवायचे, काकूंची वेणी घालायचे.

असल्याच एका रविवारी मागच्या परसातून धूर येताना दिसला. खड्डा खणलेला, कडेला गोवऱ्यांची चळत, चिखल लिंपलेल्या दोन-तीन मुशी उन्हात वाळत ठेवलेल्या. सर बनियनवर बसून फुंकणीनं फुंकत होते. मी दारात उभी राहिलेली दिसताच म्हणाले, “खत करालोय.” आयुष्यभर दुसऱ्याचा जुळवलेला आकडा पकडणाऱ्या माणसाला स्वतःचं खोटं धड बोलता येत नव्हतं. बाडात एका पानावर पारा आणि गंधकाची ती कृती होती, ‘देहीं दिल्यास असाध्य व्याधी जाय’ अशी. सात जणांपैकी कुणाचंच त्या पानावर साधलेलं नव्हतं. मोक्याच्या जागी ‘गुरुमुखें’ होतं, आणि ती गाळलेली पायरी सरांनी चाळीस वर्षांच्या रसायनशास्त्रानं भरून काढायचं ठरवलं होतं.

आत काकू खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. दोन काड्या निवडायच्या आणि दमून थांबायच्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, “धूर बघितलास न्हवं? खत करालोय म्हणून सांगत्यात मला. मास्तरकी केली, पण थापा मारायला शिकलं न्हाईत.”

“काकू, तुम्ही ते घेऊ नका हं,” मी म्हटलं. “तो पारा आहे. असल्या दुखण्यात तर तो फार वाईट.”

“म्हाईत हाय की. चाळीस वर्सं ह्यांच्यासंगं काढली, पारा काय असतोय म्हाईत न्हाय व्हय मला?” त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. “पण दिलं तर मी खाईन, अक्का. मला काय, महिना असंल न्हाय तर दोन. त्यास्नी वाटंल, आपण काय तरी केलं. मी न्हाई म्हटलं, तर ह्यो माणूस उरल्यालं आयुष्य त्या खड्ड्याकडं बघत बसंल.”

मला त्या दिवशी भाकरी नीट थापता आली नाही. इकडे सर आशेनं वेडे झालेले, तिकडे काकू त्यांच्या आशेसाठी विषही घ्यायला तयार. मध्ये कुणीच नव्हतं. म्हणजे मीच होते.

चाळीस दिवस तो खड्डा धुमसला. मग एका दुपारी सर प्रयोगशाळेत आले. शर्टाच्या खिशातून त्यांनी औषधाची एक लहान बाटली काढली. धुऊन वाळवलेली, आत विटकरी रंगाची चिमूट-दोन चिमूट पूड. “पाण्यावर तरंगती. बोटाच्या रेघांत भरती. उन्हात चकाकी न्हाय. बाडातल्या सगळ्या परीक्षा पास झाली,” ते म्हणाले. “आता तुझी.”

परीक्षा साधी होती. आम्लात नमुना घालायचा, तांब्याची घासलेली पट्टी त्यात अर्धा तास धरायची. मोकळा पारा असेल तर तांबं पांढरं पडतं. मी म्हटलं, “तुम्हीच करा की सर.”

“हात थरथरतात माझं. आणि मी केली तर मला जे पायजे त्येच दिसंल.” त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. “पट्टी पांढरी झाली तर टाकून देतो. न्हाय झाली तर...” ते दाराकडे वळले. “मी भाईर बसतो,” म्हणाले.

मला जे ठाऊक होतं ते सांगते. गंधकात पक्का मुरलेला पारा साध्या आम्लाला दाद देत नाही. म्हणजे पट्टी लालच राहण्याची शक्यता होती, आणि पट्टी लाल राहिली म्हणून त्यातला पारा कुठे जात नव्हता. हे सरांनीच मला शिकवलेलं. पण बाहेर बाकावर बसलेला माणूस त्या दिवशी रसायनशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. लाल पट्टी दिसली असती तर तो तडक कळंब्याला गेला असता आणि काकूंनी हसत हसत जीभ पुढे केली असती.

मी बाटलीचं बूच उघडलंच नाही. तांब्याची एक पट्टी पॉलिश पेपरनं घासली. कपाटातून पाऱ्याची बाटली काढली, कापसावर एक थेंब घेतला आणि पट्टीच्या टोकाला चोळला. टोक रुप्यासारखं पांढरं झालं. दोन मिनिटांचं काम. उरलेला अर्धा तास मी नुसती घड्याळाकडे बघत स्टुलावर बसून राहिले, कारण इतक्या लवकर बाहेर गेले असते तर सरांनी ओळखलं असतं.

सरांनी पट्टी खिडकीपाशी नेली. उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, टोकावरून अंगठ्याचं नख हलकेच फिरवलं. ते बराच वेळ तसेच बघत राहिले.

“किती वेळ ठेवलतीस?”

“अर्धा तास, सर.”

“हं. अर्धा तास बास हाय.” त्यांनी पट्टी रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, “चहा हाय का गं?” मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून सावकाश प्याला, बशी धुऊन जागेवर ठेवली आणि गेले. ती बाटली माझ्याकडेच राहिली.

त्या दुपारपासून एकोणिसाव्या दिवशी काकू गेल्या. शेवटी शेवटी त्यांना शुद्ध नव्हती. आदल्या रविवारी मात्र त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या होत्या, “दिलं न्हाईत गं त्यांनी. वाट बघत होतो मी.” त्यात तक्रार होती की नुसती बातमी, मला कळलं नाही. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

मी बरोबर केलं, असं मला कुठलाही डॉक्टर सांगेल. मीही स्वतःला तेच सांगत आले आहे. ते विष होतं, काकू त्यानं वाचल्या नसत्या, उलट हाल होऊन लवकर गेल्या असत्या. सगळं खरं. तरीपण दोन माणसं एकमेकांसाठी काहीतरी करायला निघाली होती, आणि मी त्यांच्यामध्ये एक खोटी पट्टी धरली, हेही खरंच आहे. याचं वाईट वाटायचं कधी थांबलं नाही. खरं सांगून अडवता आलं असतं का, हा विचार येतो. हातापाया पडून, भांडून, रडून? मी तेही करून पाहिलं नाही. मी आकडा जुळवला.

त्यानंतर सर सहा वर्षं जगले. परसातला खड्डा त्यांनी बुजवला आणि वर काहीच लावलं नाही. मी जायचे, तेव्हा आम्ही कळंब्याच्या तलावावर फिरायला जायचो. किमयेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, झेरॉक्सही आणल्या नाहीत. फक्त एकदा, चालता चालता, अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “तांब्यावरचा पारा लई दिवस टिकत न्हाय, न्हवं? उडून जातोय.”

“हो, सर.”

“पट्टी परत लाल हुती.”

मी पाण्याकडे बघत चालत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. पुढच्या वळणावर त्यांनी भडंग घेतलं आणि पुडी माझ्यापुढे धरली.

गेल्या वर्षी सर गेले. तेराव्यानंतर चार दिवसांनी त्यांचा भाचा प्रयोगशाळेत आला. हातात तेच लाल कापड. “मामानं तुमास्नीच द्यायला सांगितलंय,” म्हणाला. “आणि वाचायच्या आधी हात धुवा म्हटलेत.” मी त्याच्यासमोरच रडायला लागले. बिचारा बावरून गेला.

तो गेल्यावर मी हात धुतले, खिडकीतल्या उन्हात कोरडे केले आणि कापड सोडलं. बाड आपोआप एका पानावर उघडलं, कारण तिथे खूण म्हणून काहीतरी घातलेलं होतं. तांब्याची पट्टी. टोकासकट लालभडक. पान तेच, ‘असाध्य व्याधी जाय’वालं. समासात सात हातांच्या खाली, सातव्यानं दिलेल्या ठिपक्यापासून, सरांचं थरथरतं मोडी सुरू झालं होतं.

‘केलें. दिलें नाहीं.’

त्याखाली एक बोट जागा सोडून ठिपका दिलेला. आणि ठिपक्याच्या बाजूला, बारीक अक्षरात, बाडात आजवर कुणीच कुणासाठी लिहिलं नव्हतं असं एक वाक्य, ‘तपासणारणीनें आपलें आपण लिहावें.’

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्लात बुडवलेली पट्टी कशी दिसते आणि हातानं चोळलेली कशी दिसते, हे त्यांना कळणार नाही असं मला वाटलंच कसं? त्यांनी खिडकीपाशी उजेडात माझा आकडा पकडला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा सोडून दिला होता. का, ते मला विचारायचं आहे. आपल्याला कुणीतरी अडवावं म्हणूनच ते माझ्याकडे आले होते का? की मी अडवलं म्हणून सहा वर्षं मला मनातल्या मनात माफ करत होते? हे वाक्य रागानं लिहिलंय की मायेनं, हे त्या अक्षरावरून काही केल्या कळत नाही. अक्षर नुसतं थरथरतं आहे.

बाड वर्षभर माझ्या कपाटात होतं. त्याच कपाटात मागच्या बाजूला ती औषधाची बाटलीही आहे, बूच न उघडलेली. आज दुपारी प्रॅक्टिकल नव्हतं. मी बाटली काढली, तांब्याची नवी पट्टी घासली, आम्ल मोजून घेतलं. अर्ध्या तासाचं काम. पट्टी पांढरी झाली तर माझं खोटं निदान योगायोगानं खरं ठरेल. लाल राहिली तर ते विष नव्हतं असं होत नाही, हे मला पाठ आहे, पण लाल पट्टी हातात घेऊन मी काकूंच्या त्या शेवटच्या शब्दांपुढे कशी उभी राहू? आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी त्या दिवशी मी काय केलं, ते बदलत नव्हतं.

आम्ल मी परत बाटलीत ओतलं नाही, ओतायचं नसतं, मोरीत भरपूर पाणी सोडून घालवलं. पुडीची बाटली पुन्हा मागे सरकवली. मग हात धुतले, उन्हात कोरडे केले आणि शाईचं पेन घेतलं. माझं मोडी अजून कच्चंच आहे. सरांच्या ठिपक्यापासून सुरुवात करून, एकेक अक्षर सावकाश काढत लिहिलं,

‘तपासलें नाहीं.’

शाई वाळेपर्यंत थांबले. मग खाली बोट ठेवून तेवढी जागा सोडली आणि पुढच्यासाठी ठिपका दिला.